कोकणातल्या दमट हवेत कुकीज कुरकुरीत ठेवायच्या तर

कुकीजमध्ये घालायला बेदाणे आणायला बाजारात जाऊ नका, घरात आंबापोळी असेलच. कात्रीने हरभऱ्याएवढे तुकडे करा, ते एकमेकांना चिकटतात म्हणून चमचाभर मैद्यात घोळवा. सोबत ओबडधोबड कुटलेले काजू, वेंगुर्ल्याकडचे मिळाले तर उत्तमच.

प्रमाण साधं: मैदा १५० ग्रॅम, लोणी १००, पिठीसाखर ७०, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. चॉकलेटचे तुकडे ६० ग्रॅम, आंबापोळी आणि काजू मिळून तेवढेच. आंबापोळी आधीच गोड असते, म्हणून साखर हात राखूनच.

खरी गंमत चॉकलेटची. ते साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर त्याच्या आसपासच असतं. त्यामुळे चॉकलेट शेवटी घाला, फार मळू नका आणि गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळली तर कुकीज ट्रेवर घावनासारख्या पसरतात. मी एकदा गाळली होती, पोरांनी तरी खाल्ल्या!

आंबापोळीचे वर आलेले तुकडे आत दाबा, नाहीतर करपून कडू होतात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा. मधोमध मऊ लागल्या तरी चालेल, गार होताना घट्ट होतात.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसात सादळल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं.