जूनच्या दमट हवेत टिकणाऱ्या तीन वस्तू: पिंपळाची जाळी, झावळीचं भिरभिरं, गुलमोहराचा खुळखुळा

21 जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. मुंबईत तो साधारण सव्वातेरा तासांचा असतो. स्वीडनमध्ये या सुमारास रानफुलांचे मुकुट गुंफतात. तीच कृती इथे केली, तर दोन दिवसांत बुरशी धरेल, कारण मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. फुलं दाबून वाळवायची तर ते काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. जूनसाठी दोनच प्रकार निवडावेत: मुळात पाण्यातच तयार होणारे किंवा लाकडासारखे कडक.

पिंपळपानाची जाळी

पिंपळ शोधायला लांब जावं लागत नाही, चाळीच्या पाइपामागेही तो उगवलेला असतो. पूर्ण वाढलेली, गडद हिरवी, भोकं नसलेली दहा-बारा पानं देठासकट घ्या. तांबूस कोवळी पानं नकोत. त्यांच्या शिरा पक्क्या झालेल्या नसतात, त्यामुळे गरासोबत जाळीही निघून येते.

स्टीलच्या पातेल्यात 1 लिटर पाण्यात 40 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा सोडा सौम्य असल्याने पुरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको. सोडा ते खातो आणि पाणी काळं पडतं. पानं सोडून मंद आचेवर ठेवा, खिडकी उघडी असू द्या. ढवळलं की पानं फाटतात, म्हणून फक्त अधूनमधून गरम पाण्याची भर घाला. पाऊण तासानंतर एक पान चिमट्याने काढून, धुऊन, बोटांनी चोळून पाहा. गर सुटत असेल तर झालं. जाड पानांना दोन तासही लागतात. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

आता खरं काम. हातमोजे घालून पानं दोन-तीन पाण्यांतून काढा. पान उथळ ताटात, बोटभर पाण्यात, पालथं पसरा. जुन्या मऊ टूथब्रशने आधी टिपटिप ठोका, मग मधल्या शिरेकडून कडेकडे हलकेच ओढा. उलट दिशेने ब्रश फिरवला की कडा फाटतात, आणि पिंपळपानाचं सौंदर्य तर त्या लांब टोकातच असतं. हिरवे डाग हटत नसतील तर जोर लावू नका. ते पान ताज्या सोड्याच्या पाण्यात आणखी पंधरा मिनिटं उकळा.

जाळी ओलसर असतानाच सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा. वर्तमानपत्र वापरलं तर शाई उतरते, पंख्याखाली उघडी वाळवली तर जाळी गुंडाळते. कापड रोज बदला. वाळलेल्या जाळ्या घट्ट डब्यात ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या शोषक पुड्या त्यात टाका.

सोडा नको असेल तर पानं तीन-चार आठवडे पाण्यात कुजवता येतात, पण मग 21 जून हुकेल. शिवाय साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण: भांड्याला कापड बांधा, पाणी दर तीन दिवसांनी बदला.

झावळीचं भिरभिरं

पावसाआधी सोसायट्यांमध्ये नारळ साफ करून घेतात, तेव्हा माळीदादांकडे एक हिरवी झावळी मागून ठेवा. पाती त्याच दिवशी वापरा. सुकली की घडीवर चिरतात. हीर काढून 2 सेंमी रुंद, 20 सेंमी लांब अशा चार पट्ट्या कापा आणि प्रत्येक मधोमध दुमडा. पहिली पट्टी दुसरीच्या घडीत, दुसरी तिसरीच्या, तिसरी चौथीच्या आणि चौथी पुन्हा पहिलीच्या घडीत अडकवा. चारही टोकं थोडी-थोडी, आळीपाळीने ओढा, म्हणजे मध्ये चौकोनी गाठ बसेल. एकच टोक खेचलं की गाठ तिरकी होते.

चार हात तयार झाले. प्रत्येकाचा एक थर गाठीपासून 1 सेंमीवर कापा, उरलेल्याला एकाच दिशेने पीळ द्या. पीळ नसेल तर वारा नुसता आदळतो, भिरभिरं फिरत नाही. मध्यभागी दाभणाने भोक पाडून जाड हीर ओवा. पुढे आणि मागे एकेक मणी घालून, मण्यांच्या बाहेरच्या बाजूला हिरावर दोऱ्याची गाठ मारा. भोक हिरापेक्षा सैल हवं.

गुलमोहराचा खुळखुळा

काळ्या-तपकिरी वाळक्या शेंगा झाडाखाली पडलेल्या मिळतात. कानाशी हलवून पाहा. आवाज येत नसेल तर शेंग ओली आहे किंवा बिया किड्यांनी खाल्ल्या आहेत. शेंग ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. दोन दिवस वाळवून अ‍ॅक्रेलिक रंगाचे पट्टे ओढा. पोस्टर रंग दमट हातांना लागतो. पोरं याची तलवार करणारच, तेव्हा शेंगेचं टोकदार टोक आधीच पॉलिश पेपरने घासून घ्या.

वटपौर्णिमाही ज्येष्ठातच येते. त्या वेळी बाजारातल्या तोडलेल्या फांद्या विकत घेऊ नका; वडाखाली पडलेली पानं द्रोण टाचायला पुरेशी असतात.