कळकट टीपॉयला कागदाचा साज
टीपॉय दणकट, पण वरच्या सनमायकावर चहाच्या कपांचे गोल डाग. नवा सनमायका महाग पडतो, गिफ्टचा जाडसर कागद चिकटवा.

१. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. सुकल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

२. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ हात मारा. कागद मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या. फुगा राहिलाच तर टाचणी टोचा.

३. कडेचा जादा कागद ब्लेडने कापू नका, ओला फाटतो. पूर्ण वाळल्यावर कडेवरून पॉलिश पेपर खालच्या दिशेने ओढा, सरळ रेषेत तुटतो. (हे मला तिसऱ्या टीपॉयला कळलं!)

वरून पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे दोन हात. साताऱ्याच्या पावसाळ्यात मात्र हा उद्योग नको, फेव्हिकॉल वाळता वाळत नाही.