‘तू छान दिसतेस’ म्हणणं थांबवा: शरीराच्या न्यूनगंडावरच्या थेरपीतल्या चुका

समुपदेशनाला मुलीला घेऊन आलेल्या आया मला हमखास सांगतात, “मॅडम, रोज समजावते, अगं तू छान दिसतेस, तरी पटत नाही.” रोज समजावणं हीच चूक आहे.

एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. अकरावीतली, नाक वाकडं आहे अशी तिची ठाम समजूत. कॉलेजला निघताना आईला विचारायची, “आज वाकडं दिसतंय का?” आई म्हणायची, “नाही गं.” पाच मिनिटं बरं वाटायचं, की परत तोच प्रश्न. बस चुकायची. मीसुद्धा दुसऱ्या भेटीत “मला तर सरळच दिसतंय” म्हणून बसले. पुढच्या तीन भेटी तिने मला तेच विचारण्यात घालवल्या. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार येऊन तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, हात धुतल्यावर थोडा वेळ बरं वाटतं आणि परत धुवावेसे वाटतात, तसंच हे. तिचा आजार, म्हणजे आपल्या शरीरात मोठा दोष आहे या विचाराने माणसाला पछाडणारा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, २०१३च्या डीएसएम-५मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) ओसीडीच्या गटात गेला, तो उगाच नाही.

आता मी पहिल्याच आठवड्यात आईला एक वाक्य ठरवून देते: “याचं उत्तर देणार नाही, पण चल, चहा करू.” या मुलीच्या आईला ते फार जड गेलं. मुलगी चार दिवस भांडली. दुसऱ्या महिन्यात प्रश्न दिवसाला दोन-चारवर आले.

आरशावर वर्तमानपत्र चिकटवू नका. टाळणं आणि सारखं निरखणं, दोन्हींच्या मुळाशी भीती एकच. त्याऐवजी आरशापासून हातभर लांब उभं राहायचं, केसांपासून पावलांपर्यंत बघायचं आणि ‘जाड’, ‘घाण’ असे शब्द न वापरता बोलायचं: “दंड गोल आहेत, कोपराजवळ तीळ आहे.” हे मी आधी माझ्यासमोर करून घेते. एकटं सोडलं तर नजर नाकावरच अडकते.

‘आधी वजन उतरवू, मग थेरपी’ नको.

नाकाच्या सर्जरीने या आजारात समाधान क्वचितच मिळतं. चिंता दुसऱ्या अवयवावर सरकते.

मुलग्यांना हे होत नाही, असं समजू नका. पिळदार शरीर असूनही स्वतःला किरकोळ समजणारे तरुण जिममध्ये आहेत.

तिसऱ्या भेटीनंतर “फरक नाही” म्हणून सोडणाऱ्यांसाठी माझा जीव तुटतो. या आजारासाठीच्या सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) एक अभ्यासलेला आराखडा २२ सत्रांचा, जवळपास सहा महिन्यांचा आहे. घाईने सोडलं की पुढच्या वेळी सुरुवात अधिक अवघड जाते.

जेवण सोडलंय, उलट्या काढल्या जातायत, पाळी थांबलीय? त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.