मॉनिटर काळाच? आधी टॉर्च मारून बघा

कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलवण्याआधी एवढं करून बघा.

मॉनिटरचा दिवाच पेटत नसेल तर पॉवरची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा.

'नो सिग्नल' असं दिसत असेल तर पडदा ठीक आहे. सीपीयूच्या डब्याच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) असेल तर एचडीएमआय केबल (मॉनिटरला चित्र पोहोचवणारी वायर) त्याच्याच पोर्टमध्ये हवी, मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) नाही. दिवाळीच्या साफसफाईनंतर ही चूक हमखास होते. मॉनिटरच्या बटणाने इनपुटही एचडीएमआयच निवडा.

दिवा चालू, संदेश नाही, पडदा काळाकुट्ट? मग खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा. पुसट आयकॉन दिसले तर चित्र येतंय, फक्त बॅकलाइट (पडद्याला मागून उजेड देणारा दिवा) गेली आहे. म्हणजे कॉम्प्युटर उघडायची गरजच नाही, मॉनिटर तेवढा दुरुस्तीला न्या.

सिग्नल तरीही नाही? मग रॅम (कॅबिनेटमधली मेमरीची पट्टी) बघा. दमट हवेत आणि धुळीत तिचा संपर्क सुटतो.

१. प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा.
२. कॅबिनेट उघडा, त्याच्या धातूला हात लावून मग रॅम काढा.
३. सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका.
४. 'टक' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.