दगडी पाल्याचं मलम भाजल्यावर खरंच चालतं का, हे तपासायचं कसं

आमच्या सोलापुरात तव्याचा चटका बसला की आज्जी दगडी पाला चुरगाळून लावायची आणि आठ दिवसांनी म्हणायची, बघ, गेलं की नाही. आता गोम तिथंच आहे, वरवरचा चटका काहीच नाही लावलं तरी बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत जातोच की! मग पाल्यानं काय केलं हे कळणार कसं? एम.फार्मला (औषधशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला) हाच विषय घेणाऱ्यांसाठी लिहितोय. घरी कुणाच्या हातावर करून बघायचं नाही, माणूस भाजला तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा आणि डॉक्टरकडं न्या, पालाबिला नंतर.

आधी झाड पक्कं करा. दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी अशी एकाच झाडाची नावं, पण गाव बदललं की नावही फिरतं, म्हणून फूल आणि मुळासकट नमुना दाबून वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव लेखी घ्या. (हे झाड मूळचं अमेरिकेतलं बरं का, आज्जीला पटत नाही.)

पाला धुऊन सावलीतच वाळवा. मी मे महिन्यात गच्चीवर टाकला आणि दुपारच्या उन्हात सगळा तपकिरी पडला, मग परत रस्त्याकडंनं गोळा करत फिरलो. वाळला की भरड करून अल्कोहोलमध्ये भिजवा, गाळा, कमी आचेवर आटवा. 10 ग्रॅम अर्क आणि 90 ग्रॅम साधा बेस (औषध न घातलेलं नुसतं मलम) म्हणजे 10 टक्के मलम, तसंच एक 5 टक्क्यांचं.

मलमाची परीक्षा उंदरांना भूल देऊन केलेल्या भाजल्याच्या जखमेवर होते, पण उंदरांना हात लावायच्या आधी कॉलेजच्या प्राणी नीती समितीची परवानगी पाहिजे म्हणजे पाहिजेच, त्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना भूल कुठली आणि नंतर वेदनाशामक कुठलं हे स्पष्ट लिहा. जखम करणं हे शिकलेल्या माणसाचं काम, ते गाइडसमोरच. अर्कानं कातडीला त्रास होत नाही ना हे त्याआधी बघून घ्यायचं.

ग्रुप चार: काहीच नाही, नुसता बेस, तुमचं मलम, आणि 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं नेहमीचं औषधी क्रीम). दोन ताकदी असतील तर पाच. नुसत्या बेसचा ग्रुप पोरं गाळतात आणि तिथंच फसतात, कारण बेसनं जखम ओली राहते आणि ओली जखम तशीही बरी भरते. आणि सिल्व्हरपेक्षा आपलं भारी निघालं म्हणून लगेच उड्या मारू नका, ते जंतू मारायला चांगलं पण नवी कातडी यायला त्यानं उशीर होऊ शकतो. प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा द्या, नाहीतर एकमेकांचं मलम चाटून मोकळे.

मोजणी अशी: जखमेवर स्वच्छ पारदर्शक शीट ठेवून बारीक मार्करनं कडा काढायची, ती ग्राफ पेपरवर ठेवून चौकोन मोजायचे. पहिल्या दिवशी 300 चौरस मिलिमीटर होतं आणि बाराव्या दिवशी 120 राहिलं, तर 180 भागिले 300, म्हणजे 60 टक्के आकसली. 4, 8, 12, 16 व्या दिवशी मोजा, मोजणाऱ्याला ग्रुप कुठला ते कळू देऊ नका, मलमाच्या डब्यांवर आणि पिंजऱ्यांवर नुसते आकडे लिहा. खपली पडून खाली ओलं काहीच उरलं नाही तो दिवस वेगळा नोंदवा.

यात एक मोठी मेख आहे, उंदराची कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळं त्याची जखम बरीचशी आकसून मिटते, माणसाची मात्र जास्त करून नवी कातडी येऊन भरते. त्यामुळं नुसत्या टक्क्यांवर थांबू नका, शेवटी कातडीचा तुकडा स्लाइडवर बघा आणि कोलॅजन (कातडीला बळ देणारं प्रथिन) किती झालं ते कळायला त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजा.

हे सगळं मी आज्जीला समजावून सांगितलं, बेसचा ग्रुप पण. ती म्हणाली, मग नुसतं व्हॅसलिनच लाव की.