सेले नदीच्या खोऱ्यात पायी फिरताय? या चुका टाळा

"नदीकाठानं तर चालायचंय, त्यात काय!" असं म्हणत माझ्या मावसभावानं निघण्याआधीच सगळ्यांची धास्ती घालवून टाकली होती. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या फिजाक गावातून निघायचं, सेले नदीच्या खोऱ्यानं खाली यायचं, बुझिएसजवळ ती लॉट नदीला मिळते तिथून पुढे काओर शहर गाठायचं. साधारण शंभर किलोमीटर, सहा-सात दिवस. सोबत गाइड नाही. मुक्काम आधी ठरलेले, सामान गाडीनं पुढच्या गावी जाणार, हातात नकाशा आणि वाटेची टिपणवही. आम्ही चौघंही सह्याद्रीत वाढलेले, त्यामुळे हे सगळं सहलीसारखं वाटलं. पहिल्याच दिवशी दुपारी तीनला आम्ही एका ओकच्या झाडाखाली रिकाम्या बाटल्या घेऊन बसलो होतो. नदी खाली दिसत होती. तिथवर जायला वाट नव्हती.

या वाटेवरच्या निम्म्याअधिक चुकांच्या मुळाशी 'नदी सोबत आहे' हाच भरवसा असतो.

खोरं म्हणजे सपाटी नव्हे

सेलेनं चुनखडीच्या पठारात खोल घळ कोरली आहे. या पठाराला तिकडे 'कॉस' म्हणतात. नदीकाठची चिंचोळी पट्टी शेतांनी आणि डांबरी रस्त्यानं व्यापलेली, तिच्या कडेला सरळ उभे कडे. पायवाटेला जागा उरते ती पठारावरच. म्हणून वाट गावातून निघते, कॉसवर चढते, वर काही किलोमीटर चालते आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली येते. एका वेळची चढण दीडशे-दोनशे मीटरच, म्हणजे सिंहगडाचा साधारण तिसरा हिस्सा. पण तो तिसरा हिस्सा दिवसात दोनदा-तीनदा चढायचा, तोही सुट्या गोट्यांवरून.

एस्पान्याक ते मार्सियाक हा टप्पा कागदावर पंधरा-सोळा किलोमीटरचा. आम्ही ताशी पाच किलोमीटर धरले आणि जेवायच्या वेळेपर्यंत पोचू असं ठरवून टाकलं. प्रत्यक्षात ताशी तीनच पडले. टप्पे ठरवताना किलोमीटर मोजू नका, नकाशावरच्या समोच्च रेषा मोजा. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा २५ हजारात एक प्रमाणाचा नकाशा त्यासाठीच घ्यायचा. टिपणवहीत 'वाट रम्य वनातून वर जाते' असं एकच वाक्य असतं, त्या वाक्यात अर्धा तास दडलेला असतो.

पाणी

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण इथे आपला अनुभवच आपल्याला फसवतो. किल्ल्यावर गेलो की आपण टाकं शोधतो, आणि ते सापडतं. आपला कातळ बेसॉल्टचा, कोरून काढलेल्या टाक्यात पाणी वर्षभर धरून ठेवणारा. चुनखडी त्याच्या उलट, म्हणजे चाळणीच म्हणा. पाऊस पडतो, भेगांतून खाली झिरपतो, जमिनीखालून वाहतो आणि दूर कुठेतरी कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन फुटतो. वर पठारावर कोरडी दगडी कुंपणं, खुरटे ओक, दगडावर दगड रचून केलेल्या गोल झोपड्या आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या, जणू चष्मा लावलेल्या मेंढ्या. ओढा मात्र नाही.

कॉसवर काही ठिकाणी खडकात खोदलेली लहान तळी दिसतात, 'सँ नाँफेझची तळी' म्हणून ओळखली जाणारी. आठव्या-नवव्या शतकातला राजा शार्लमेन याच्या सैन्यातला एक अधिकारी संन्यासी झाला आणि त्यानं ती मेंढरांसाठी खोदली, अशी आख्यायिका. ते पाणी मेंढरांचंच. आमच्यातल्या एकानं गाळून प्यायचा विचार केला होता, हिरवा तवंग बघून तो स्वतःच मागे सरला.

माणशी दोन लिटर पाणी घेऊनच गाव सोडायचं, जून ते ऑगस्टमध्ये तीन. संपलंच तर गावाबाहेरची दफनभूमी गाठा. गंमत नाही, फ्रान्समध्ये बहुतेक दफनभूमींत फुलझाडांसाठी नळ असतो आणि वाटसरू तिथेच बाटल्या भरतात. नळावर 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. एस्पान्याकच्या आधी अशाच एका नळाशी आम्ही उभे होतो. शेजारच्या थडग्यावर ताजी फुलं, मावसभावानं आधी चपला काढल्या, मग बाटली लावली. एक म्हातारी बाई झारी घेऊन रांगेत थांबली आणि आमच्या अनवाणी पायांकडे बघत "बाँझूर" म्हणाली. हॉटेलात मात्र विकतचं पाणी मागवायची गरज नाही, 'उन काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं.

खुणा बघता, पण वाचता का?

लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा पट्टा वर आणि लाल खाली अशी खूण असते. झाडावर, खांबावर, दगडावर. नुसती पिवळी खूण म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. पिवळा आणि लाल असे दोन पट्टे म्हणजे त्या भागापुरती फिरणारी मोठी वाट. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली दिसली तर ही वाट तुमची नाही. ती फुली रस्ता चुकल्यावरच दिसते, म्हणजे गप्पांच्या नादात वळण हुकतं आणि दहा पावलांवर फुली उभी असते. आमची गंमत अशी की फुली बघून "वा, खूण आहे!" म्हणत आम्ही पुढेच गेलो. पाव तासानं वाट एका शेतकऱ्याच्या फाटकाशी संपली.

पंधरा मिनिटं खूण दिसली नाही की थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. 'पुढे मिळेलच' ही आपली ट्रेकवाल्यांची जुनी खोड इथे महागात पडते, कारण पठारावर दगडी कुंपणांमधल्या सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, घळीत शिरलात की नेटवर्क जातं.

सगळ्यात मोठी चूक बेदुएरपाशी होते. ल प्वी शहरातून स्पेनकडे जाणारी यात्रेकरूंची मुख्य वाट, क्रमांक ६५, तिथून काझार्ककडे जाते आणि सेलेची वाट, क्रमांक ६५१, वेगळी फुटते. दोन्हींच्या खुणा पांढऱ्या-लालच. वर यात्रेकरूंचं शिंपल्याचं चिन्ह असतं, पुढे मोठा जथा चाललेला असतो, त्यांच्या मागे निघालात तर संध्याकाळी काझार्कला पोचाल आणि तुमची बॅग एस्पान्याकला तुमची वाट बघत बसेल. तिथे क्रमांक वाचूनच पाऊल टाकायचं.

उजेड आहे म्हणून वेळ आहे असं नाही

जूनमध्ये तिकडे रात्री पावणेदहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्या अंगात मुरलेलं घड्याळ म्हणतं, अजून ऊन आहे, बसू जरा. पण वाटेवरच्या 'झीत'मध्ये, म्हणजे पायी जाणाऱ्यांच्या मुक्कामी घरात, जेवण सातला, फार तर साडेसातला वाढतात. सगळे एका लांब टेबलावर बसतात आणि सूपचं भांडं एकदाच फिरतं. आम्ही आठ वाजता पोचलो त्या दिवशी घरमालकीण काही बोलली नाही, फक्त घड्याळाकडे बघितलं. थंड सूप प्यायलो. उशीर होणार असेल तर सहाच्या आधी फोन करा, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये चालेल. (सूपच्या शेवटच्या घोटात लाल वाइन ओतून वाटीच तोंडाला लावायची इथली जुनी रीत आहे, 'शाब्रो' म्हणतात. टेबलावरच्या आजोबांनी करून दाखवली. आम्ही ताकाची वाटी अशीच संपवतो हे त्यांना सांगता आलं नाही, तेवढं फ्रेंच कुठलं.)

दुकानांचंही तेच. दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी बेकरी उघडी असेलच असं नाही. मे महिन्यात १ आणि ८ तारखेची सुट्टी, त्यात असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार. फिजाक सोडलंत की वाटेवर मोठं दुकान थेट काओरलाच, मधल्या गावांत असलं तर एखादं छोटं. दुसऱ्या दिवसाचं दुपारचं खाणं आदल्या संध्याकाळीच पिशवीत असायला हवं. झीतमध्ये सांगून ठेवलं तर डबा बांधून देतात. आणि दुकानात शिरताना आधी "बाँझूर", मग काय हवं ते. थेट "ब्रेड आहे का?" विचारलंत तर ब्रेड मिळेल, चेहरा मिळणार नाही.

शाकाहारी आहात, एवढं सांगून भागत नाही

हा भाग बदकाचा. साध्या वाटणाऱ्या सॅलडमध्ये बदकाचा पोटा असतो (आपल्याकडच्या पोटा-कलेजीतला पोटा, तोच), नाहीतर 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. 'शाकाहारी' म्हटल्यावर मासे चालतील असंही काही जण गृहीत धरतात. खोली ठरवतानाच लिहून कळवा: मांस नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत, सूपही मांसाच्या पाण्याचं नको. सोबतीला ऑम्लेट चालतं का तेही लिहा, म्हणजे त्यांचंही काम सोपं होतं.

इथलं बकरीचं छोटं गोल चीज, काबेकू, गरम टोस्टवर अक्रोडासोबत देतात, ते खाऊन दिवस काढता येतो. पण कट्टर शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, पारंपरिक फ्रेंच चीज लावायला बहुतेक वेळा वासराच्या जठरातला अर्क वापरतात. घरून मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी न्या. पेढे, खवा, चक्का नको, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

बॅग पुढे जाते, कागद पुढे जाऊ देऊ नका

सामानाची गाडी सकाळी येते, साधारण आठच्या आत बॅग खाली दाराशी लागते. त्या घाईत पासपोर्ट, रोजच्या गोळ्या आणि चार्जर बॅगेत जातात. आमच्यातल्या एकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवसभर आमच्या पुढे प्रवास करत होत्या. या तीन वस्तू पाठीवरच्या पिशवीत. आणि वजनाची मर्यादा आधी विचारून घ्या, जड बॅग गाडीवाला उचलत नाही.

कागदांवरून आठवलं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याला रोजच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. छोट्या झीत फोनवर "या, जागा आहे" म्हणतात, तेवढ्यानं भागत नाही. तारीख आणि नावं असलेली मेल मागून घ्या. विमा किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. तो डोंगरात पायी चालण्यालाही लागू आहे का, हे आपण विचारतच नाही. विचारा.

ऋतू, आणि दोन-चार बारीकसारीक

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर पारा पस्तीसच्या वर जाऊ शकतो आणि सावली खुरट्या ओकांची. हिवाळ्यात बऱ्याच झीत बंद. शरदात शिकारीचा हंगाम असतो, 'शास आँ कूर' (शिकार सुरू आहे) अशी पाटी दिसली तर भडक रंगाचं काही घाला आणि वाट सोडू नका. गवतातून चालल्यावर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यांमागे गोचिडी तपासा. लाइमचा आजार त्यांच्यातूनच होतो. चिमट्यानं त्वचेलगत पकडून सरळ ओढायची, तेल-मीठ लावत बसायचं नाही. कुठेही अडलात तर ११२, हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक.

काब्रेरेजवळची पेश मेर्ल गुहा 'जाता जाता' बघू म्हणाल तर हुकेल. १९२२ साली दोन किशोरवयीन मुलांना तिच्यातली चित्रं सापडली. ठिपक्यांचे दोन घोडे सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. खऱ्या चित्रांपुढे उभं राहता येतं अशा थोड्या गुहांपैकी ही एक, म्हणूनच रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. वेळ आधी राखून ठेवा आणि त्या दिवसाचा टप्पा छोटा करा. आत गारवा असतो, घामेजल्या अंगानं शिरलात तर शिंकत बाहेर याल.

बुझिएस ते सँ-सिर्क-लापोपी हा तुकडा मात्र मावसभावाच्या कल्पनेतला. इथे वाट खरोखर पाण्याला लागून, बोटी दोरानं ओढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कड्यातच कोरून काढलेली. पूर आला किंवा दरड सैल झाली तर ती बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी चौकशी करा. पुढे काओरपर्यंतचं अंतर पंचवीस किलोमीटरहून जास्त आहे. शेवटचा दिवस म्हणून ते एका दमात मारू नका, मध्ये एक मुक्काम घ्या. आम्ही घेतला नाही, आणि काओरच्या वालाँत्रे पुलावर फोटो काढण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

पुलाचं काम १३०८ साली सुरू झालं आणि इतकं रेंगाळलं की गवंड्यानं सैतानाशी करार केला, अशी कथा सांगतात. काम संपत आल्यावर आत्मा वाचवायला गवंड्यानं सैतानाला शेवटचं काम दिलं: मजुरांसाठी चाळणीतून पाणी आण. १८७९ च्या डागडुजीत त्या सैतानाची छोटी मूर्ती पुलावर बसवली. बहुतेक जण पहिल्या बुरुजावर शोधतात आणि सापडत नाही म्हणून निघून जातात. ती मधल्या बुरुजावर आहे, वर कोपऱ्यात, हरल्याच्या रागात दगड उपटायला धडपडणारी. मावसभाऊ बराच वेळ मान वर करून बघत होता. "याला विचारायला हवं होतं," म्हणाला, "कॉसवर पाणी कुठे मिळतं."