पिल्ले उतरण्याआधी: साल्मोनेलासाठी प्रीबायोटिकची तयारी

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, पिल्लांना साल्मोनेला या आतड्यातल्या जंतूपासून वाचवायला खाद्यात प्रीबायोटिक, म्हणजे पक्ष्याला न पचणाऱ्या साखरांची पावडर, मिसळतात. तिची पिशवी घेताना आत नेमकं काय आहे ते आधी वाचा. यीस्टपासून काढलेलं एमओएस (मॅनन-ऑलिगोसॅकराइड) आणि एफओएस (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड) किंवा त्याच जातीचं इन्युलिन यांची कामं वेगळी आहेत. साल्मोनेला आपल्या तंतूंनी आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला चिकटतो. एमओएस तीच साखर त्याच्यापुढे धरतं, आणि एमओएसला धरून बसलेला जंतू विष्ठेतून बाहेर पडतो. एफओएस हे मात्र चांगल्या जंतूंचं खाद्य. सीकममध्ये (आतड्याच्या शेवटाकडच्या पिशव्यांत) ते आंबतं, आम्ल तयार होतं आणि साल्मोनेलाची वाढ मंदावते. पण नुकत्याच उबलेल्या पिल्लाच्या आतड्यात हे चांगले जंतू जवळजवळ नसतातच. म्हणून एफओएस देणार असाल तर पहिल्या दिवशी पाण्यातून प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगले जंतूही द्या, आणि तेवढ्या वेळेपुरतं पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर दिलेले जंतू तिथेच मरतात.

किती माल लागेल ते कागदावर मांडा. पिशवीवरची मात्रा हीच खरी. एमओएससाठी ढोबळमानाने पहिले दहा दिवस टनभर खाद्याला २ किलो, एकविसाव्या दिवसापर्यंत १ किलो, पुढे अर्धा किलो. हजार पक्षी पहिल्या दहा दिवसांत सुमारे ३०० किलो खाद्य खातात, म्हणजे ६०० ग्रॅम एमओएस. पैसे कमी असतील तर शेवटच्या टप्प्यात हात आखडा, पहिल्या आठवड्यात नको. पिल्लू त्याच दिवसांत सर्वात लवकर बाधित होतं.

खरी चूक होते ती मिसळताना. ६०० ग्रॅम पावडर थेट ३०० किलोवर टाकली की एका फीडरमध्ये ढीग आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी ती ६ किलो मका भरड्यात कालवा, ते मिश्रण ६० किलोत, मग सगळ्या खाद्यात. उभ्या मिक्सरला बारा ते पंधरा मिनिटं द्या. खात्री हवी असेल तर दहा ठिकाणचे नमुने काढून मिठाचं प्रमाण तपासून घ्या. मीठ कमीजास्त निघालं तर पावडरही तशीच पसरली असणार. एफओएस मनाने वाढवू नका: विष्ठा पातळ होते, शेडमध्ये अंथरलेला तूस ओला होतो, आणि ओल्या तुसात साल्मोनेला टिकतो. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे.

शेड धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळू द्या. उंदरांची बिळं बुजवा, तुसातले काळे भुंगेरे मारा. जुन्या बॅचचा साल्मोनेला यांच्यातूनच नव्या पिल्लांत येतो आणि तिथे कोणतीही पावडर पुरी पडत नाही. दारात फूट बाथ (बूट बुडवायला जंतुनाशकाचं भांडं), आतले बूट वेगळे. अँटिबायोटिक द्यावं लागलंच तर पशुवैद्यकाला विचारून प्रोबायोटिकची वेळ बदला.

ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. पक्षी खातो, वाढतो, ठणठणीत दिसतो. त्यामुळे तपासणीचा नमुना घ्यायला बुटांवर चढवायचे कापडी स्वॅब आधीच आणून ठेवा. विक्रीआधीच्या तीन आठवड्यांत शेडभर चालून घेतलेले स्वॅब थंड पेटीत प्रयोगशाळेत पाठवा. कत्तलीआधी खाद्य ८ ते १२ तास बंद असतं, तेव्हा भुकेला पक्षी तूस टोचतो आणि गळ्याजवळच्या खाद्याच्या पिशवीत (क्रॉप) साल्मोनेला भरून घेतो. त्या वेळी पाणी चालू ठेवा आणि तूस कोरडा ठेवा.